वाटीभर खारं पाणी

ऑक्टोबर लागला की आमच्या ओटीवर चिंचेचा वास येतो. नवरात्राच्या आधी तांब्यापितळेची भांडी माळ्यावरून खाली उतरतात. सुनंदा, म्हणजे माझी बायको, पाटावर बसून त्यांना भिजवलेली चिंच आणि मीठ चोळते, आणि प्यायच्या पाण्याचा काळवंडलेला मोठा हंडाही तिच्या हाताखाली बघता बघता लाल होतो. बाहेर ऊन असं की ट्रकवाले दुपारी गाडीखाली सतरंजी टाकून पडतात. खाडीकडून ओहोटीच्या चिखलाचा वास येत असतो. या दिवसांत इतरांना झेंडू आठवतो, गरबा आठवतो. मला एक पांढरी रेघ आठवते. पहिल्या दिवशी ती करंगळीच्या नखाएवढी होती.

ती रेघ एका प्रवाळाच्या बुडाशी होती, आणि ते प्रवाळ आमच्या हॉलमध्ये होतं. भिवंडीजवळच्या कशेळीत, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर राहणाऱ्या माणसाने घरात समुद्र मांडून ठेवावा, हे ऐकून लोक आजही मला जरा नीट न्याहाळून घेतात. चार फुटांची काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, दगड, चार मासे, काच साफ ठेवणाऱ्या सातआठ शंखातल्या गोगलगायी, आणि मधोमध ते फांद्याफांद्यांचं तपकिरी प्रवाळ, टोकांना जांभळट. दिसायला झाड, पण असतो तो प्राणी. हजारो बारीक तोंडं एकाच सांगाड्यावर पातळ कातडीने बांधलेली. कातडी सुटली की खालचं पांढरंफटक हाड उघडं पडतं, आणि ते असं बुडापासून सुटायला लागलं की थांबायचं नाव घेत नाही. असली प्रवाळं घरी ठेवणं कायद्याला मंजूर नाही हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारायला गेलो नव्हतो.

हा नाद मला सलीमभाईंनी लावला. भिवंडीत त्यांचे लूम आहेत. त्यांच्या कापडाच्या गाड्या माझ्या वजनकाट्यावर यायच्या, त्यातून ओळख झाली. लूमच्या वर त्यांचं एवढंसं ऑफिस. खाली खटखट सुरू असली की वरची फरशी थरथरते, टेबलावरचा पेन घरंगळत जातो, आणि त्याच थरथरत्या ऑफिसात भिंतीला लागून एक टाकी होती, जिच्यात सगळं आपल्याच संथ लयीत हलत होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा चहा थंड झाला.

"ले जाओ ये बीमारी," सलीमभाई हसून म्हणाले, "फिर मत बोलना सलीम ने पहले बताया नहीं."

आईला हसू आलं ते मिठाचा डबा पाहून. या टाक्यांना खास मीठ लागतं, ते परदेशातून डब्यात येतं. आमची आई लग्न होऊन आली तेव्हापासून मिठागरात राबलेली. तिने डबा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाली, "मिठागर इकलंस, आन आता मीठ इकत आनतंस?" पोट धरून हसली. मीही हसलो. पण ते मिठागर विकायला तिला मीच तयार केलं होतं. गोदामं येत होती, आजूबाजूच्यांनी जमिनी दिल्या होत्या, वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. कागदावर उठवायच्या तिच्या अंगठ्याला शाई मीच लावली. ती जिथे पोटरीभर खाऱ्या पाण्यात उभी राहायची तिथे आता पत्र्याची गोदामं उभी आहेत, आणि त्यांच्या तोंडाशी माझा वजनकाटा आहे.

मिठागराचं काम दसऱ्यानंतर सुरू व्हायचं. पावसाने फुटलेले बांध घालायचे, वाफ्यांचे तळ चोपून सपाट करायचे, खाडीचं पाणी आत घ्यायचं, आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात उतरवत उन्हाने आटवायचं. पाणी पुढे कधी सोडायचं हे आई बोटाने ठरवायची. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, बाजूला थुंकायचं आणि सांगायचं, "अजून दोन दिस." बाहेरून येणारं पाणीही चाखायची आणि वाफ्यातलंही. तिच्या शब्दावर मुकादम वाफ्याच्या तोंडची फळी उचलायचा. मी बांधावर पाय सोडून बसायचो आणि मला ते सगळं अगदी साधं वाटायचं. आपल्या आईला जे येतं ते सगळ्यांच्याच आईला येत असणार, असं त्या वयात वाटतं.

जमीन गेल्यावर तिचे हात रिकामे झाले. नवं घर, संगमरवराची फरशी, कामाला बाई. आई गॅलरीत बसून गोदामांच्या पत्र्यांकडे बघत राहायची. टाकी आली आणि दुसऱ्याच आठवड्यापासून ती माझ्याआधी उठून टाकीसमोर उभी राहायला लागली. टाकीतलं पाणी रोज आटतं. मीठ मागे राहतं, पाणी तेवढं उडून जातं, म्हणून तेवढंच गोडं पाणी वरून घालावं लागतं. हे मी समजावून सांगायला लागलो तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. सकाळी ती गोडं पाणी घालायची, मग बोट बुडवून चाखायची. "बरोबर हाय," म्हणायची. मी मागून माझं खारेपणा मोजायचं यंत्र लावायचो. यंत्राचा काटा जागच्या जागी. तिचं तोंड खुलायचं. आई पुन्हा कामावर रुजू झाली होती, आणि मला त्याचा आनंद माशांपेक्षा जास्त होता. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

आता हंड्याकडे येतो. टाकीत घालायचं गोडं पाणी नळाचं चालत नाही. मशीनमधून ते इतकं गाळून घ्यावं लागतं की त्यात काहीच उरत नाही. असं पाणी उपाशी असतं, ज्यात ठेवाल त्याला खायला उठतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा आम्ही ते प्लास्टिकच्या पिंपात ठेवायचो. गणपतीनंतर त्या पिंपाला आतून बुळबुळीत थर धरला, वास यायला लागला. मी सायबर कॅफेत बसून कुठे कुठे वाचलं की हलक्या प्लास्टिकमधून पाण्यात नाही नाही ते उतरतं. घरी आलो आणि माळ्यावरून आईच्या लग्नातला तांब्याचा हंडा खाली काढला. "आई, आता यात ठेवू पाणी." प्यायला तांब्यातलं पाणी चांगलं, हे आमच्या घरात तीन पिढ्यांचं ठरलेलं. जे माणसाला चांगलं ते माशाला वाईट कसं असेल? आई तर हरखूनच गेली. तिने तिथल्या तिथे चिंच भिजवली. मग दर शुक्रवारी हंडा घासला जायचा आणि नवा कोरा होऊन ओटीवर बसायचा.

आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती रेघ दिसली.

मी सलीमभाईंना फोन केला. त्यांनी पलीकडून लूमच्या आवाजावर ओरडून सांगितलं, "पहले कुछ मत बदलो! एक एक चीज़ देखो!" मी अर्थातच सगळं एकदम बदललं. ते दिवस लोडशेडिंगचे होते. दुपारी चार चार तास वीज नसायची, पंप बंद, पाणी तापलेलं. म्हणून मी इन्व्हर्टर आणला, टाकीवर पंखा बसवला. रेघ वाढली. दिवा जास्त प्रखर असेल म्हणून वर उचलला. पाण्याचा झोत थेट लागत असेल म्हणून पंपाचं तोंड फिरवलं. प्रवाळ खाणारे किडे असतात म्हणून भिंग घेऊन फांदी न् फांदी तपासली, काही नव्हतं. रोज संध्याकाळी काट्यावरून आलो की टेबलावर काचेच्या नळ्या मांडून थेंब मोजत बसायचो. क्षार ठीक, चुना ठीक, माशांच्या घाणीचं विष शून्य. आकडे वहीत उतरवायचे आणि मान वर करून बघायचं, तर पांढरं आणखी एका बोटाने वर चढलेलं. माझ्या धंद्यात असं होत नाही. काट्यावर जे येतं ते खरं, ड्रायव्हर कितीही भांडो. इथे काटा सांगत होता सगळं उत्तम आहे, आणि डोळ्यांदेखत ते मरत होतं. माझी झोप उडाली, तोंडाची चव गेली, आणि खरं सांगायचं तर डोकंही ठिकाणावर राहिलं नाही.

अशाच एका सकाळी आई टाकीशी उभी होती. तिने गोडं पाणी घातलं, बोट चाखलं, पुन्हा चाखलं.

"पान्याला भांड्याची चव आलीय रं," ती म्हणाली. "कळकलंय."

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली आणि त्यात ताक राहिलं की त्याला जी कडवट, धातूची चव येते, तिला आमच्याकडे कळकणं म्हणतात. मला ते माहीत होतं. लहानपणी असलं ताक मी थुंकून टाकलेलं आहे.

"कळकायला ते काय ताक आहे?" मी म्हणालो. "आणि भांडं काचेचं आहे, आई. काच कळकत नाही."

तिने ओटीकडे मान वळवली. काहीतरी सांगणार होती. मी तिला बोलूच दिलं नाही. आदल्या दिवसापासून मनात घोळत असलेली शंका तोंडातून बाहेर पडली, की हळदीतेलाची, मशेरीची बोटं रोज पाण्यात बुडतात, मग दुसरं काय होणार. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढे म्हणालो, "तुझी बोटं आता या पाण्यात नकोत. हे मिठागर नाही."

आईने बोट पदराला पुसलं. हातातला जग हंड्यावर पालथा ठेवला आणि आत गेली. त्यानंतर तिने हॉलमध्ये पाय टाकला नाही. स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडायची, गॅलरीत जाऊन बसायची, पुन्हा गोदामांच्या पत्र्यांकडे बघत. सुनंदा मला एकदाच म्हणाली, "तुम्ही त्यांना दोनदा बाहेर काढलंत." मी चिडून विचारलं, दोनदा कुठे? तिने गॅलरीपलीकडच्या गोदामांच्या पत्र्यांकडे बोट केलं.

पाणी घालायचं काम मी माझ्याकडे घेतलं. हात साबणाने धुऊन, पुसून, स्वच्छ जगने. कुठलं पाणी? त्याच हंड्यातलं. अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांत अर्धं प्रवाळ पांढरं झालं. मग गोगलगायी मरायला लागल्या. एकेक काचेवरून सुटून तळाशी पडायची, आणि मासे मजेत वरून पोहत जायचे. शेवटी सलीमभाई एका शुक्रवारी नमाज आटोपून स्वतः आले. टाकीसमोर उकिडवे बसले आणि काचेला नाक लावून बघू लागले.

"मछली मस्त है," ते म्हणाले. "घोंघे मर रहे हैं, कोरल मर रहा है. जिसके पास रीढ़ की हड्डी है वो ज़िंदा, जिसके पास नहीं वो ख़लास. ऐसा कौन सा ज़हर है, भोईरभाई?"

पाणी कमी झालेलं दिसलं म्हणून सवयीने उठलो, ओटीवर गेलो आणि हंड्यात जग बुडवला. मागे वळलो तर सलीमभाई दारात उभे होते आणि त्यांचा हात कपाळावर होता.

"ये ताँबा है," ते हळूच म्हणाले. "मछली को सफ़ेद दाने निकलते हैं तो हम लोग दवा में क्या डालते हैं? यही. मछली झेल लेती है. बाक़ी कोई नहीं झेलता."

त्यांच्या गाडीत तांबं तपासायची बाटली होती. नळीतलं पाणी रंगलं. माझ्या टेबलावरच्या साऱ्या बाटल्यांत तेवढी एक बाटली नव्हती, आणि घरात ज्या एका माणसाला ते मोजता येत होतं त्याला मी हाकलून दिलं होतं.

मी तसाच मागच्या गॅलरीत गेलो. आई तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, "हंड्यामुळे झालं, आई. तांबं उतरलं पाण्यात."

तिने सूप खाली ठेवलं नाही. "तेच सांगत व्हते," ती म्हणाली. "तू आयकलंस कवा?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी तिथेच उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि चाळिशीच्या माणसाला आईसमोर रडताही येत नव्हतं.

पुढचं काम सलीमभाईंनी हाताला धरून करवून घेतलं. नवं, चांगल्या प्रतीचं पिंप आणलं. टाकीतलं पाणी थोडं थोडं करत बदललं, कोळसा टाकला, तांबं शोषून घेणारी गादी गाळणीत बसवली. प्रवाळ वाचणार नव्हतं. पण पांढऱ्याच्या वर, जिथे कातडी अजून घट्ट होती, तिथून एक फांदी त्यांनी पकडीने तोडली. तो कट्ट आवाज माझ्या दातांत गेला. बोटभर तुकडा दगडाला गोंदाने चिकटवला. "बाक़ी को भूल जाओ," ते म्हणाले. "इसको देखो."

मी तुकड्याकडे बघत होतो, आणि माझं लक्ष गॅलरीकडे होतं. आमच्यासारख्या घरांत मुलगा आईला चुकलो म्हणत नाही. म्हणायला शब्दच नाहीत, जे आहेत ते टीव्हीवरचे वाटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टीलच्या वाटीत टाकीतलं पाणी घेतलं आणि तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"चाखून सांग."

"तुजा काटा हाय नं," ती म्हणाली आणि चहा प्यायली.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिने वाटी हाताने बाजूला सरकवली. दसऱ्याला तिने मला सोनं दिलं, डोक्यावर हात ठेवला, वाटीला हात लावला नाही. मी मात्र हट्टाला पेटलो होतो. हा हट्ट मी तिच्याकडूनच घेतला आहे. रोज वाटी न्यायची, ठेवायची, संध्याकाळी भरलेली परत आणून ओतायची. सुनंदा म्हणायची, देवाला नैवेद्य दाखवताय की काय.

दिवाळीला चार दिवस असताना तिने वाटीत बोट बुडवलं. माझ्याकडे न बघता. चाखलं, गॅलरीतून बाहेर थुंकली.

"आळणी हाय. मीठ घाल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "वाटी स्टीलचीच आनलीस नं?"

मी आत जाऊन यंत्र लावलं. एवढं पाणी बदललं होतं, त्यात मीठ खरोखरच कमी पडलं होतं. मी मीठ कालवत होतो आणि मला हसू येत होतं आणि समोरचा काचेतला समुद्र धूसर दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आई हॉलमध्ये टाकीसमोर उभी होती.

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. सलीमभाई म्हणतात, प्रवाळ मारायला जेवढं तांबं पुरतं तेवढं माणसाच्या जिभेला कळतच नाही. तसं असेल तर तिला काय लागलं? कदाचित जगमधून ओतताना हंड्यातलं पाणी तिच्या बोटाला लागलं असेल आणि सवयीने तिने आत येणारं पाणीही चाखलं असेल, मिठागरात चाखायची तसं. मी तिला कधी विचारलं नाही. तिचं म्हणणं पुन्हा काट्यावर घालावं, असं मला वाटलं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. मी नवं प्रवाळ आणलं नाही, आता ते मनाला पटतही नाही. तो बोटभर तुकडा मात्र राहिला आणि वाढला. सध्या त्याला सात फांद्या आहेत. हंडा फक्त प्यायच्या पाण्याचा झाला. आणि गेल्या पावसाळ्यात आईला मोठा ताप येऊन गेला. ताप उतरला, पण ती आमटीत वरून मीठ घ्यायला लागली. मग पुन्हा घ्यायला लागली. सुनंदाने एकदा मुद्दाम बिनमिठाचा भात वाढला, आई काही न बोलता जेवली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तो विषय तिथेच सोडला. चालणंही कमी झालंय, ती आता ओटीवरच बसते. मी रोज सकाळी वाटी नेतो. ती बोट बुडवते, चाखते, "बरं हाय" म्हणते. मी आत येऊन यंत्र लावतो. परवा खारेपणा चढलेला निघाला. मी काही न बोलता गोडं पाणी घातलं.

आज सकाळी सुनंदा हंडा घासत होती. चिंचेचं लाल पाणी ओटीवरून खाली ओघळत होतं. आई भिंतीला टेकून ते बघत बसली होती. मी वाटी पुढे केली. तिने घेतली, पण बोट बुडवलं नाही.

"मना चव न्हाय कळत आता," ती म्हणाली. "तुला ठाव हाय नं?"

"ठाव आहे."

"मंग कनाला आनतंस रोज?"

सुनंदाचा हात हंड्यावर थांबला. मी आईसमोर उकिडवा बसलो. आईने माझ्याकडे बघितलं. मग वाटी मांडीवर नीट धरली, बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले, आणि ओटीच्या कडेला थुंकली, अगदी बांधावर थुंकायची तशी.

"उद्या जरा लवकर आन," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आधी."